केव्हा निघायचे?

जानेवारीतील तिसऱ्या रविवारी पहाटे तीनच्या सुमारास कळवा स्थानकाच्या फलाटावर जी तुरळक मंडळी उभी असतात, ती कारखान्याच्या पाळीला निघालेली नव्हेत हे त्यांच्या पायांकडे नजर गेल्याबरोबर ध्यानात येते. भडक रंगाचे बूट, अर्धी विजार, छातीवर चार सेफ्टी पिनांनी टाचलेला क्रमांकाचा कागद, आणि खाडीवरून येणाऱ्या गार वाऱ्यात उघड्या पोटऱ्यांवर उभा राहिलेला काटा. मुंबई मॅरेथॉनच्या धावपटूंसाठी मध्य रेल्वे त्या पहाटे कल्याणहून जी खास लोकल सोडते, तिची ही मंडळी वाट पाहत असतात. परंतु माझे लक्ष दर वेळी जाते ते त्यांच्याकडे नव्हे, तर त्यांच्या शेजारी कानटोपी घालून, कापडी पिशवी सांभाळीत उभ्या असलेल्या एखाद्या प्रौढ गृहस्थाकडे. पिशवीत मीठ-साखर-लिंबाच्या पाण्याची बाटली, चार केळी, कोरडा पंचा, व्हॅसलिनची डबी आणि रबरी चपलांचा एक जोड असतो. बेचाळीस किलोमीटर धावून आलेले पाऊल सुजते आणि बुटात मावत नाही, हे ज्याला मागच्या वर्षी कळले आहे, तोच बाप यंदा चपला बरोबर घेतो.

२००४ साली सुरू झालेल्या या शर्यतीचे पूर्ण अंतर ४२.१९५ किलोमीटर असून अठरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून त्या अंतरासाठी कोणाचाही अर्ज मंजूर होत नाही. याचा अर्थ असा की जे 'मूल' धावणार असते, ते कायद्याच्या दृष्टीने सज्ञान असते, आणि आईबापांच्या परवानगीची त्याला दफ्तरी काहीच गरज नसते. मग परवानगी देण्याचा अधिकार संपल्यावर पालकाच्या हाती उरते काय? (आमच्या पिढीत मूल धावत सुटले, तर त्याच्यामागे कुत्रे असे किंवा मास्तर, पालकाचा प्रश्नच उद्भवत नसे.) पहिल्या प्रथम उरते ती हमाली, आणि मूल एखाद्या सत्कार्यासाठी धावत असेल, तर दुसरा उरतो तो वर्गणीचा हिशेब.

हिशेबाची गोष्ट आधी सांगतो, कारण तिच्याविषयी सामान्य माणसाच्या मनात बरेच गैरसमज असतात. एखाद्या सत्कार्यासाठी धावणे म्हणजे धावपटूने एखाद्या धर्मादाय संस्थेचे नाव पुढे करून, 'मी इतके अंतर कापीन, तुम्ही या कामास इतकी वर्गणी द्या,' अशी आपल्या परिचितांना साद घालणे. मुंबईच्या शर्यतीत या कामाचा समन्वय युनायटेड वे मुंबई ही संस्था पाहते, आणि आजवर या मार्गाने शेकडो कोटी रुपये नाना संस्थांच्या खजिन्यात जमा झाले आहेत. देणगीचा पैसा धावपटूच्या खिशात पडत नसतो, तो संस्थेकडे जातो. देणगीवरील आयकराची सवलत (१९६१च्या कायद्यात ती ८०जी या कलमाखाली असे) सर्वश्रुत आहे, परंतु दोन हजारांवरील रोख देणगीस ती मिळत नाही आणि नव्या करपद्धतीत गेलेल्यास तर ती मुळीच मिळत नाही, हे वर्गणीदारास आधीच सांगून टाकलेले बरे. हे सांगण्याचे काम घरात कोणाकडे येते? मुलगी नोकरीवर आणि सरावात गुंतलेली, तेव्हा सोसायटीच्या जिन्यात जोशीकाका 'पावती अजून आली नाही बरे का' असे म्हणतात ते तिच्या आईला. शंभर रुपये कबूल करून चार महिने तोंड चुकवणाऱ्याला मैत्रीस बाध न आणता आठवण करून देणे, ही कला मुलांना येत नाही. ती आयुष्यभर भिशी आणि गणपतीची वर्गणी सांभाळलेल्या बायकांनाच येते.

आता हमाली. कळव्यात धावायचे म्हणजे भल्या पहाटे, मालमोटारींची वर्दळ सुरू होण्यापूर्वी धावले पाहिजे. खाडीवरील पूल ओलांडून ठाण्याकडे जावे, किंवा विटाव्यावरून बेलापूर रस्त्याला लागावे, तर पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली गुडघाभर पाणी; पारसिकनगरातल्या गल्ल्या घ्याव्यात, तर पाठीस लागणारी कुत्री. म्हणून स्कूटरवरून पन्नास पावलांच्या अंतराने मागे राहणारा बाप हा काही लाडाचा प्रकार नसून ती निव्वळ सुरक्षेची तरतूद असते. शरीराचा हिशेबही पालकाला शिकावाच लागतो. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली शर्करा साधारण तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते, पाय शिशाचे होतात, आणि मुंबईच्या मार्गावर नेमका त्याच्या पुढेच पेडर रोडचा चढ उभा असतो. म्हणून आदल्या दोन-तीन दिवसांत ताटात भात-पोळी वाढवावी, तळण आणि नवे प्रयोग टाळावेत, आणि शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत सराव मुद्दाम कमी केला जातो तेव्हा 'आता का ग आळस?' असे विचारू नये. हा शेवटचा नियम पाळणे आयांना सर्वांत जड जाते.

पण पालकाच्या या भूमिकेची खरी खोली ज्या घराण्याच्या हकीकतीत दिसते, ते घराणे कॅनडातले. त्या घरचा मुलगा टेरी फॉक्स अठरा वर्षांचा असताना, १९७७ साली, हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या प्रशिक्षकाने त्याला एक लेख वाचावयास दिला होता; कृत्रिम पायाने न्यूयॉर्कची मॅरेथॉन पुरी करणाऱ्या एका माणसाचा. पुढे दीर्घ काळ टेरीने जो सराव केला, तो व्हँकूव्हरच्या मॅरेथॉनसाठी आहे असेच त्याने घरी भासवले. कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी जमवीत संपूर्ण देश ओलांडण्याचा मनसुबा त्याने अखेर उघड केला, तेव्हा आई बेटी हिने तो वेडेपणा ठरवला. वडील रॉली यांनी मात्र एवढेच विचारले असे सांगतात, 'केव्हा?'

या एका शब्दाची मला अनेकदा आठवण होते. त्यात संमती नाही, आशीर्वाद नाही, उपदेश तर नाहीच. आहे ती केवळ तारखेची चौकशी, म्हणजे कामाला लागण्याची तयारी. तरीही आईच्या विरोधाला मी उणे लेखणार नाही. ज्या मुलाला तिने शस्त्रक्रियेच्या खोलीतून बाहेर येताना पाहिले, त्याने रोज एक मॅरेथॉन धावावी असे तिला वाटले असते, तरच नवल.

१२ एप्रिल १९८० रोजी टेरीने सेंट जॉन्स येथे अटलांटिक सागरात आपला कृत्रिम पाय बुडवला आणि तो निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर कापून झाल्यावर, १ सप्टेंबरला थंडर बे नगराबाहेर तो थांबला. कर्करोग फुप्फुसांत पोहोचला होता. दर कॅनेडियन नागरिकामागे एक डॉलर, हे त्याचे लक्ष्य होते, आणि दोन कोटी चाळीस लाख डॉलरांचा तो आकडा त्याच्या हयातीतच पुरा झाला. २८ जून १९८१ रोजी, तेविसावा वाढदिवस महिन्यावर आला असता, तो गेला.

ज्या आईने विरोध केला होता, तिचे काम येथून सुरू झाले. त्याच वर्षी सप्टेंबरपासून त्याच्या नावाची वार्षिक धाव भरू लागली, आणि पुढची तीस वर्षे बेटी फॉक्स हिने तिचा पहारा केला. त्या धावेत स्पर्धा नाही, विजेता नाही, आणि एखाद्या कंपनीचे नाव टेरीच्या नावाला चिकटू द्यावयाचे नाही, हा दंडक तिने अखेरपर्यंत पाळला. शाळाशाळांतून ती बोलत हिंडली. २०१०च्या व्हँकूव्हर हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात ऑलिंपिक ध्वज वाहून नेणाऱ्या आठजणांत ती होती, आणि पुढच्याच वर्षी तिचे निधन झाले. मुलाने धावून जमवलेल्या निधीच्या कितीतरी पटींनी अधिक निधी आईने न धावता राखला आणि वाढवला. तो आज ऐंशी कोटी कॅनेडियन डॉलरांच्या पलीकडे गेला आहे. प्रायोजकांच्या फलकांखाली झाकून गेलेल्या आपल्याकडच्या काही शर्यती पाहिल्या की, त्या बाईचा हेकेखोरपणा मला फार शहाणपणाचा वाटतो.

त्या रविवारी दुपारी परतीच्या लोकलमध्ये कळव्याकडची मंडळी पुन्हा दिसतात. गळ्यात पदक, कपाळावर आणि कानशिलांवर वाळलेल्या घामाचे पांढरे मीठ, पायांत रबरी चपला, बूट बापाच्या मांडीवर. मुलगी खिडकीला डोके टेकून दादर सुटायच्या आत झोपी गेलेली असते. बाप पिशवीतून पाठकोऱ्या कागदांची वही काढतो, चष्मा पुसतो, आणि ठाणे येईपर्यंत कोणाची वर्गणी यावयाची राहिली आहे, त्या नावांपुढे पेन्सिलीने बारीक फुल्या करीत बसतो.