पंपिंग चांगले, तरी धाप का?

"डॉक्टरसाहेब, इकोच्या रिपोर्टात पंपिंग साठ टक्के आहे, म्हणजे उत्तमच. मग आईला जिना चढताना एवढी धाप का लागते?" हा प्रश्न घेऊन कोणी ना कोणी माझ्याकडे येतच असते. 'वय झाले आता' म्हणून वाटेला लावणे मला पटत नाही.

हृदयाला आवळून रक्त ढकलावे लागते, तसेच सैल पडून भरूनही घ्यावे लागते. पंपिंगचा आकडा फक्त पहिल्या कामाचा. हृदय ताठरले की ते नीट भरत नाही, फुप्फुसांत दाब वाढतो आणि धाप लागते. जुना रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा असलेल्यांत हे अधिक आढळते.

हा ताठरपणा थोडा पेशींमधल्या तंतूंचा, थोडा खुद्द स्नायूपेशींचा. आणि वाचकहो, जिवंत पेशीचा ताठरपणा चक्क मोजता येतो! पेशीची लांबी मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. बिनिंग, क्वेट आणि गेर्बर यांनी १९८६ साली जगापुढे आणलेल्या ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपमध्ये एक अतिसूक्ष्म लवचिक पट्टी असते. तिच्या टोकाचा मणी पेशीवर हलकेच दाबतात. पट्टी किती वाकली, ते तिच्यावरून परतणारा लेसर किरण सांगतो. आंबा पिकला का हे आपण अंगठ्याने बघतो ना, तसेच. फक्त ही पेशी मध्येच धडधडते, ही पंचाईत!

पेशीत टायटिन नावाचे स्प्रिंगसारखे प्रचंड प्रथिन असते, शिवाय सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील बेन प्रॉसर यांच्या गटाने २०१८ मध्ये दुबळ्या झालेल्या मानवी हृदयांच्या पेशी तपासल्या. एका विशिष्ट प्रकारच्या नळ्या कमी केल्यावर पेशी मऊ झाल्या आणि गमावलेली आकुंचनशक्ती ४० ते ५० टक्के परत आली. अर्थात हे बशीतल्या पेशींत, रुग्णांत नव्हे.

अशा नळ्या मोडणारे एक द्रव्य म्हणजे कोल्चिसिन. ते आपल्या कुंपणावरच्या कळलावीतही असते. पण कळलावीचा कंद जहाल विषारी आहे. तो खाऊन माणसे दगावली आहेत. कोणी 'हृदयाला चांगला' म्हणून दिला तर हात लावू नका.

आज करण्यासारखे एवढेच: इको करताना हृदय सैल कसे पडते तेही डॉक्टरांना विचारा. रक्तदाब ताब्यात ठेवा, लोणचे-पापड कमी करा. मधुमेहासाठी आलेल्या एम्पाग्लिफ्लोझिनने अशा रुग्णांना इस्पितळात दाखल करण्याची वेळ कमी येते, हे २०२१ मध्ये दिसून आले. ती गोळी आपल्याला चालेल का, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे.