ब्लीच न करता काळ्या केसांवर भडक रंग. तो टिकवायचा कसा?

काळ्या केसांवर ब्लीच न करता मजेंटा किंवा जांभळा रंग लावला, दोन दिवस तो उन्हात छान चमकला आणि पंधरवड्यात गायब झाला, ही तक्रार नेहमीची. त्यावर बहुतेकदा मिळणारा सल्लाही ठरलेला: ब्लीच करून घ्या. ब्लीचने रंग उठून दिसतो हे खरं, पण केसांची ताकद जाते आणि त्या केसांत ती परत येत नाही. केस जसे आहेत तसे ठेवूनही रंग थोडा जास्त दिवस राखता येतो.

सेमी-पर्मनंट रंगात सहसा अमोनिया किंवा डेव्हलपर नसतो. रंगाचे तयार कण केसाच्या बाहेरच्या खवल्यांवर आणि त्यांच्या कडांखाली बसतात. यातल्या अनेक रंगांवर धन विद्युतभार असतो आणि केसावर ऋण, म्हणून ते चिकटतात. ब्लीचने हा ऋणभार वाढतो, खवले उघडतात. ब्लीच न केलेल्या केसावर मात्र पाणी झटकणारा स्निग्ध थर शाबूत असतो. त्यामुळे रंग मुळात कमीच चढतो आणि साधारण ६ ते १२ धुण्यांत उतरतो.

शिवाय हा रंग केस उजळ करत नाही. काळ्या कापडावर लाल जिलेटीन कागद ठेवला तर जे दिसेल, तेच इथे दिसतं. गडद लाल, मजेंटा, जांभळा यांची झाक मिळते. पिवळा किंवा फिकट गुलाबी यांवर पैसे घालवू नयेत. मेंदीचंही तसंच: पांढऱ्या केसावर केशरी, काळ्यावर फक्त तांबूस चमक. फरक इतकाच, की मेंदीतलं लॉसोन केसातल्या प्रथिनाला धरून बसतं, म्हणून ती टिकते.

टिकण्याची निम्मी लढाई रंग लावण्याआधीच होते. मराठी घरांत अडतो तो खोबरेल तेलाचा प्रश्न. हे तेल केसाच्या आत शिरतं आणि प्रथिनांची झीज कमी करतं, असं मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं होतं. तेव्हा तेल वाईट नाही. पण केसावर उरलेला तेलाचा थर रंगाला आडवा येतो. म्हणून आधीचे दोन-तीन दिवस तेल बंद, मग दोनदा शॅम्पू, कंडिशनर नाही आणि केस पूर्ण कोरडे. रंग भरपूर लावून टोपी घालावी आणि पाकिटावरची वेळ पूर्ण होऊ द्यावी. ४८ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून खाज येते का, हेही पाहावं.

नंतर रंग काढतं ते मुख्यतः पाणी. सल्फेट नसलेला शॅम्पू बरा, पण त्याची महती जरा जास्तच सांगितली जाते. आठवड्यात किती वेळा डोकं ओलं होतं, हे त्याहून महत्त्वाचं. रंग लावल्यावर दोन-तीन दिवस धुऊ नये, पुढे आठवड्यातून दोनदा पुरे, तेही गिझरच्या कढत पाण्याने नको. तेल लावायचंच तर एका शॅम्पूत निघेल इतकंच. रिठा नैसर्गिक असला तरी साबणासारखाच काम करतो, त्यामुळे तिथे सवलत नाही.

कासारवाडीसारख्या भागात आणखी एक अडचण आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेचं पाणी दिवसाआड येऊ लागलं आणि अनेक सोसायट्या बोअरवेल किंवा टँकरवर भागवतात. बोअरचं पाणी बहुधा जड असतं. त्यातले क्षार केसावर बसले, की रंग निस्तेज दिसतो आणि मग जोरात शॅम्पू करावासा वाटतो. निदान शेवटचा तांब्या तरी नळाच्या पाण्याचा असावा.

नाशिक फाट्यावरून रोज दुचाकीने भोसरी-चाकण गाठणाऱ्यांना ऊन आणि घाम चुकत नाही. उन्हानेही रंग विटतो. पुण्याकडच्या मुली चेहऱ्याला गुंडाळतात तो स्कार्फ इथे कामी येतो, मात्र तो गडद रंगाचा हवा. ओले केस हेल्मेटमध्ये कोंबले तर रंग आतल्या अस्तराला लागतो.

एवढं करूनही रंग उतरणारच. तीन-चार धुण्यांनंतर तोच रंग चमचाभर साध्या पांढऱ्या कंडिशनरमध्ये मिसळून १५-२० मिनिटं लावला, तर झाक परत येते. यात डेव्हलपर मिसळू नये, हातमोजे घालावेत आणि त्या रात्री उशीला जुना अभ्रा घालावा.