बोटाला माउस समजू नका

वीजबिल, परीक्षेचा अर्ज, सातबारा, रेल्वेचं तिकीट ही कामं आता सर्रास मोबाइलवर होतात. कित्येकांचा तर पहिला आणि एकमेव संगणक तोच. तरीही मोठ्या पडद्यासाठी बेतलेलं सॉफ्टवेअर मोबाइलवर आणताना काही समजुती आड येतात आणि भुर्दंड वापरणाऱ्याला पडतो. त्या समजुती तपासून पाहू.

गैरसमज १ : पडदा लहान आहे, म्हणून सगळं लहान करायचं.

वस्तुस्थिती : हा प्रयोग होऊन गेला आहे. २००० साली आलेल्या पॉकेट पीसीवर मायक्रोसॉफ्टने डेस्कटॉपच्या धर्तीचा स्टार्ट मेनू, स्क्रोलबार आणि बारीक बटणं तळहाताएवढ्या पडद्यावर बसवली. ती नेमकी दाबायला स्टायलस, म्हणजे बारीक टोकाची लेखणी, लागायची. २००७ मध्ये आयफोनने बोटालाच मुख्य साधन मानलं आणि मापं बदलली. माउसच्या बाणाचं टोक एका पिक्सेलवर बसतं, बोट मात्र बरीच जागा व्यापतं. म्हणून ॲपल बटणासाठी किमान ४४ बाय ४४ पॉइंट, तर गूगल अँड्रॉइडवर ४८ बाय ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर जागा सुचवतं. चिन्ह दिसायला लहान असलं तरी चालेल, पण त्याभोवतीची दाबता येणारी जागा एवढी हवीच. ‘जतन करा’ आणि ‘रद्द करा’ एकमेकांना चिकटून ठेवले, तर तासभर भरलेला अर्ज एका चुकीच्या स्पर्शात पुसला जाऊ शकतो.

गैरसमज २ : माउसचं काम बोट करतंच की!

वस्तुस्थिती : माउसचा बाण नुसता वर नेला तरी मेनू उलगडतो, सूचना दिसते. बोट एक तर टेकलेलं असतं किंवा नसतं. त्यामुळे बाण नेल्यावरच दिसणारी माहिती मोबाइलवर हाती लागत नाही. राइट क्लिकऐवजी दाबून धरता येतं, पण तिथे तशी सोय आहे हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. शिवाय बोट जे दाबायचं तेच झाकतं. म्हणून तर कीबोर्डवर अक्षर दाबलं की ते बोटाच्या वर मोठं होऊन दिसतं. हा कीबोर्ड स्वतः जवळजवळ अर्धा पडदा खातो. ‘पुढे जा’ बटण त्याच्याखाली दडलं, तर नवखा माणूस तिथेच अडकतो.

गैरसमज ३ : बारीक दिसलं तर झूम करता येतं.

वस्तुस्थिती : पहिल्या आयफोनवर संगणकासाठीची वेबपानं ९८० पिक्सेल रुंदीची धरून आक्रसून दाखवली जात. ती तात्पुरती सोय होती, कारण तेव्हा मोबाइलसाठी बेतलेली पानं फारशी नव्हतीच. झूम केलं की प्रत्येक ओळ वाचायला पान डावी-उजवीकडे सरकवावं लागतं. २०१० मध्ये वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह’ रचनेची कल्पना मांडली : पान एकच, पण मांडणी पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलायची. याचा अर्थ झूम बंद करावं असा नाही. कमी दिसणाऱ्यांना त्याची गरज असतेच.

गैरसमज ४ : मोबाइलवर थोड्याच सोयी दिल्या तरी भागतं.

वस्तुस्थिती : ‘उरलेलं काम संगणकावर करा’ हा सल्ला घरी संगणक नसलेल्याला सायबर कॅफेत पाठवतो. सोयी कापण्याऐवजी त्यांचा क्रम लावावा : महत्त्वाचं आधी, क्वचित लागणारं एका पायरीने आत. जन्मतारखेचंच घ्या. कॅलेंडर चालू महिन्यावर उघडलं, तर १९६२ गाठायला साठीच्या माणसाने शेकडो वेळा मागचा बाण दाबायचा? दिवस, महिना, वर्ष असे तीन रकाने आणि अंकांचा कीबोर्ड दिला, तर तेच काम काही सेकंदांत होतं.

गैरसमज ५ : एकच रूप सगळीकडे चालवावं.

वस्तुस्थिती : २०१२ च्या विंडोज ८ ने पॉकेट पीसीच्या नेमकी उलटी चूक केली. टचसाठी बेतलेल्या मोठ्या टाइल्स डेस्कटॉपवाल्यांसमोरही ठेवल्या आणि स्टार्ट बटण काढून टाकलं. लोक वैतागले. २०१३ मध्ये बटण परत आलं, २०१५ च्या विंडोज १० मध्ये स्टार्ट मेनूही. माहिती आणि नावं सगळीकडे सारखी ठेवावीत, हाताळणी मात्र साधनाप्रमाणे बदलावी.

गैरसमज ६ : इंग्रजीत नीट दिसलं, म्हणजे मराठीतही दिसेल.

वस्तुस्थिती : देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार येतात आणि खाली उकार. इंग्रजीच्या मापाने बटणाची उंची ठरवली, तर ‘नोंदणी’चं वरचं टोक कापलं जातं, ‘चालू’चा ऊकार दिसेनासा होतो. उंची अक्षरांप्रमाणे वाढू द्यायला हवी.

यातली एकही दुरुस्ती फार खर्चाची नाही, ती सुरुवातीलाच करायला हवी इतकंच. संगणकावरची खिडकी अरुंद करून केलेली तपासणी पुरेशी नसते. साधा, स्वस्त फोन घ्या, भाषा मराठी ठेवा, तपासायचा अर्ज उघडा आणि तो कधीच न पाहिलेल्या माणसाच्या हातात द्या. कुणालाही न विचारता त्याने तो शेवटपर्यंत भरला आणि पावती मिळवली, तरच काम झालं असं म्हणा.