रक्तदाबाचे औषध : मात्रा वयानुरूप हवी

उच्च रक्तदाबावरील गोळी एकदा सुरू झाली की ती बहुधा वर्षानुवर्षे घ्यावी लागते. परंतु पन्नाशीत ठरलेली मात्रा पंचाहत्तरीतही तशीच मानवेल, असे गृहीत धरणे योग्य नव्हे. औषधाचा परिणाम जसा मात्रेवर, तसाच शरीरातून त्याचा निचरा किती वेगाने होतो, यावरही अवलंबून असतो.

हा निचरा मुख्यतः दोन मार्गांनी होतो. अ‍ॅम्लोडिपिन, मेटोप्रोलोल यांसारख्या औषधांचे विघटन यकृतात होते. वार्धक्यात तेही मंदावते. म्हणून अ‍ॅम्लोडिपिनची सुरुवात वृद्धांत लहान मात्रेने करतात. अ‍ॅटेनोलोल मात्र बव्हंशी मूळ रूपातच मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे निरोगी असल्यास रक्तातील अ‍ॅटेनोलोल सुमारे ६ ते ७ तासांत निम्मे होते. त्यांची गाळणक्षमता मिनिटाला ३५ मिलिलिटरच्या खाली गेल्यास त्यास १६ तासांहून अधिक काळ लागतो. गोळी तीच राहिली, तर औषध रक्तात साचते, नाडी मंदावते, घेरी येते आणि वृद्ध व्यक्ती पडण्याचा धोका वाढतो.

चाळिशीनंतर ही क्षमता सर्वसाधारणपणे दरवर्षी सुमारे १ मिलिलिटरने घटते. केवळ रक्तातील क्रिएटिनिनच्या आकड्यावरून ही घट सहज ध्यानी येत नाही; कारण क्रिएटिनिन स्नायूंत तयार होते आणि वार्धक्यात स्नायूच झिजलेले असतात. कॉक्रॉफ्ट व गॉल्ट यांनी १९७६ साली मांडलेले सूत्र येथे उपयोगी पडते. १४० मधून वय वजा करावे, बाकीस वजनाच्या किलोंनी गुणावे आणि क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागावे. स्त्रियांच्या बाबतीत हे उत्तर पुन्हा ०.८५ ने गुणावे. समजा, दोघा पुरुषांचे क्रिएटिनिन सारखेच, १ मिलिग्रॅम आहे. ३० वर्षांच्या, ६० किलो वजनाच्या तरुणाची क्षमता सुमारे ९२ येते. ७५ वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या वृद्धाची अवघी ४१!

याचा अर्थ गोळी आपणहून कमी करावी वा सोडावी, असा मुळीच नाही. अ‍ॅटेनोलोल एकाएकी थांबविणे हृदयविकाराच्या रुग्णास घातक ठरू शकते. मात्रा बदलण्याचा निर्णय डॉक्टरांचाच. जुन्याच चिठ्ठीवर वर्षानुवर्षे गोळ्या आणणाऱ्या वृद्धांनी मात्र वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिनची तपासणी करून घ्यावी, वजन नोंदवावे आणि वेदनाशामक गोळ्या घेत असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे. पंचायत सदस्य व शिक्षक यांनी ही गोष्ट गावातील घराघरांत पोहोचविल्यास अनेक वृद्धांवरील संकट टळू शकेल.