नोझल 'खट्' का करते?

डिझेलच्या पंपावर एक मालमोटार टाकी भरून घेत आहे. पंपावरचा माणूस नोझलचा चाप दाबून उभा आहे. एवढ्यात 'खट्' असा आवाज होतो आणि डिझेल आपोआप थांबते. टाकी भरली हे नोझलला कळले कसे? त्याला डोळे नाहीत, आणि या कामासाठी वीजही लागत नाही.

नोझलच्या टोकाजवळ एक लहानसे छिद्र असते. त्यापासून एक बारीक नळी आतून मुठीपर्यंत जाते. मुठीत डिझेलची वाट एके ठिकाणी मुद्दाम अरुंद केलेली असते. अशा जागेतून जाताना द्रवाचा वेग वाढतो व दाब उतरतो. इटलीचे शास्त्रज्ञ व्हेंच्युरी यांनी १७९७ साली या परिणामाचे वर्णन केले होते. दाब उतरल्याने छिद्रातून हवा आत ओढली जाते. टाकीतील पातळी चढून छिद्र बुडाले, की हवेची वाट बंद होते. ओढ मात्र चालूच! मग मुठीतील एक लवचीक पडदा खेचला जातो, खिट्टी सुटते आणि स्प्रिंग झडप मिटवते. तोच तो 'खट्'.

अर्थात नोझल टाकीत पुरते आत घातलेले हवे. ते वरच्यावर धरले, तर छिद्र बुडेपर्यंत डिझेल तोंडाशी आलेले असते.

डिझेलला फेसही फार येतो. कधी कधी फेसच आधी छिद्राला भिडतो. फेस बसला की ड्रायव्हर म्हणतो, "अजून पाच लिटर मावतील, टाका!" फेसापुरती जागा हळूच भरायला हरकत नाही. पण गळ्यापर्यंत? थोडा हिशेब करू.

तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले, की डिझेलचे आकारमान सुमारे ०.०८ टक्के वाढते. समजा, मे महिन्यात नागपुरात ३०० लिटरची टाकी काठोकाठ भरली. जमिनीखालच्या साठ्यातून आलेले डिझेल ३० अंशांचे होते. गाडी लगेच उन्हात उभी राहिली आणि डिझेल ४५ अंशांपर्यंत तापले. वाढ झाली १५ × ०.०८, म्हणजे १.२ टक्के, ३०० लिटरमागे ३.६ लिटर! लोखंडी टाकीही फुगते, पण अगदी किंचित. जादा डिझेल झाकणातून बाहेर येणारच. गाडी लगेच घाटाला लागली, तर उन्हाचीही गरज नाही. चढावर टाकी कलली, वळणावर डिझेल हिंदकळले, की ते झाकणाशी येते.

सांडलेले पेट्रोल लवकर उडून जाते. डिझेल सावकाश उडते, रस्त्यावर त्याचा निसरडा थर राहतो आणि मागून येणारा मोटारसायकलवाला वळणावर घसरतो. त्याला तो थर दिसतही नाही. पाऊस पडला तरी सुटका नाही, कारण डिझेल पाण्याहून हलके. ते पाण्यावर तरंगत आणखी पसरते. म्हणून सांडलेल्या डिझेलवर पाणी ओतत नाहीत. कोरडी वाळू टाकून ते शोषू देतात आणि ती वाळू गोळा करून आगीपासून दूर ठेवतात.