हक्काचे पाणी, जबाबदारीची वीज

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत घेतले, तेव्हा प्रश्न केवळ तहानेचा नव्हता. तो माणूसपणाचा होता. आज आपल्यापैकी अनेकांच्या घरात नळ आहे. संघर्षाने मिळालेले हे पाणी आपण कसे वापरतो, हा विचारही त्या संघर्षाच्या वारशाचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. कोसंबीचा राजा उदेन याने भदंत आनंदांना विचारले, नवी चीवरे मिळाल्यावर जुन्यांचे काय करता? आनंदांनी सांगितले की त्यांची अंथरुणावरची आच्छादने होतात. ती जीर्ण झाली की गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरण, मग पायपुसणे, मग फडके. आणि अखेर तुकडे चिखलात कालवून जमीन सारवली जाते. राजाचे समाधान झाले. काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे, तर एका उपयोगानंतर दुसरा उपयोग शोधणे, हे या प्रसंगातून उमगते.

पाण्याला हाच क्रम लावता येतो. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी झाडांना द्यावे. कपडे खळबळलेल्या शेवटच्या पाण्याने फरशी पुसावी, उरलेले शौचालयात वापरावे. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला ८६,४०० थेंब सांडतो. वीस थेंबांचे एक मिलिलिटर धरले, तरी हे चार लिटरांहून अधिक आणि महिन्याला सुमारे १३० लिटर होते. बहुधा एक वायसर बदलले की ही गळती थांबते. पावसाचा हिशेबही सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. ६०० मिलिमीटर पावसाच्या गावात ४० चौरस मीटरच्या छपरावर २४,००० लिटर पाणी पडते. पन्हळ लावून त्यातले बरेचसे टाकीत किंवा विहिरीत नेता येते.

विजेच्या बाबतीत आपले लक्ष दिव्यांकडे जाते. खरा खर्च मात्र उष्णतेचा असतो. १५ लिटरची बादली २५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे ०.३५ युनिट लागते. तेवढ्या विजेवर नऊ वॅटचा एलईडी दिवा ३८ तास जळतो. म्हणून प्रथम गरजेपुरतेच पाणी तापवावे. शक्य असल्यास सौरबंब बसवावा. ६० वॅटचा जुना दिवा रोज पाच तास जळला तर महिन्याला नऊ युनिट घेतो. नऊ वॅटचा एलईडी दीड युनिटही घेत नाही. पंखा मात्र बारा-बारा तास फिरतो. ७५ वॅटच्या पंख्याचे महिन्याला २७ युनिट होतात. रिकाम्या खोलीतील पंखा बंद करणे ही त्यामुळे क्षुल्लक बाब नाही.

आपण वाचवलेला हंडा टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीत आपोआप पोहोचणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु जेथे विहीर, बोअर किंवा टाकी सामायिक असते, तेथे एका घरची गळती ही दुसऱ्या घरातील माउलीच्या डोक्यावरची जादा खेप असते. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी या महिन्याचे वीजबिल समोर ठेवून, घरातील प्रत्येक नळ तपासून आरंभ करावा. मुलांना तो हिशेब लिहावयास सांगावा. शील आचरणातच दिसते.

भवतु सब्ब मंगलम्!