उपचार संपले, पुढें काय?

परळच्या टाटा रुग्णालयांतून अखेरचे किरणोपचार आटोपून येणाऱ्या रुग्णासह विरारची गाडी भाईंदरची खाडी ओलांडूं लागली, कीं बरोबरच्या मंडळींच्या तोंडून हटकून निघतें, "सुटलों एकदांचे!" तें स्वाभाविकच आहे. घरीं पूजा होते, पेढे वांटले जातात, आणि कागदपत्रांची जाडजूड पिशवी कपाटावर चढते. आमची तक्रार आहे ती या पिशवीबद्दल.

वसईंतील आमच्या परिचयाच्या एका मोठ्या कुटुंबांत थोरल्या वहिनींवर स्तनाच्या कर्करोगासाठीं शस्त्रक्रिया झाली होती. पुढील तपासणीची तारीख काका लक्षांत ठेवतील असें चिरंजीवांना वाटलें; मुलगा शिकलेला आहे, तो पाहील, असें काका समजले. तारीख टळून गेली. कांहीं महिन्यांनीं वहिनींचा हात सुजूं लागला. घरांत मुंज होती; अभद्र कशाला बोलावें, म्हणून त्यांनीं तो पदराखालीं झांकला. रोग उलटला नव्हता. काखेंतील गांठी काढल्यामुळें लसिकेचा निचरा मंदावला होता. वेळीं दाखविलें असतें तर पट्टी व व्यायाम यांनीं पुष्कळ उतार पडला असता. आज त्यांना त्या हातानें पाण्याची कळशी उचलवत नाहीं. बारभाईचा कारभार म्हणतात तो हाच!

अमेरिकेंतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेनें २००६ सालीं अशी शिफारस केली कीं, उपचार संपतांना प्रत्येक रुग्णाच्या हातीं पुढील देखरेखीचें लेखी टिपण द्यावें. टाटा रुग्णालयानें तर बालपणीं कर्करोगांतून बचावलेल्यांसाठीं १९९१ सालींच उपचारोत्तर तपासणीचा स्वतंत्र दवाखाना काढला. तथापि टिपण आपण होऊन मागावें हें बरें. कोणते उपचार व किती झाले, कोणतीं औषधें किती वर्षें घ्यावयाचीं, आणि कोणतें लक्षण दिसतांच तारखेची वाट न पाहतां यावें, एवढें त्यांत असलेंच पाहिजे.

स्तनाच्या कर्करोगानंतर साधारणतः पहिलीं ३ वर्षें दर ३ ते ६ महिन्यांनीं, पुढील २ वर्षें ६ ते १२ महिन्यांनीं, व त्यानंतर वर्षांतून एकदां डॉक्टरांनीं तपासावें, मॅमोग्राफी दरवर्षीं. "सगळे स्कॅन एकदां करूनच टाका," असा आग्रह धरणारे आप्त प्रत्येक घरांत असतात. लक्षण नसतां अशा सरसकट तपासण्यांचा लाभ सिद्ध झालेला नाहीं. खर्च व धास्ती मात्र पदरीं पडते. तोंडाच्या कर्करोगाची गोष्ट निराळी. तेथें पहिल्या वर्षीं दर १ ते ३ महिन्यांनीं जावें लागतें. मानेवर किरण दिले असल्यास थायरॉईडची रक्ततपासणी ६ ते १२ महिन्यांनीं करावी, आणि किरणांची हकीकत सांगितल्यावांचून दांत कधींही काढूं नये, कारण जबड्याचें हाड त्यानें सडूं शकतें.

त्या घरांत आतां पिशवीची वही झाली आहे व ती दिनदर्शिकेच्या खिळ्यालाच टांगलेली असते. धाकट्या सूनबाईंकडे तें काम सोंपविलें आहे. तपासणीच्या दिवशीं सासू-सुना पहाटेची गाडी धरतात, आणि त्या दिवशींचा स्वयंपाक काका करतात.